अनेक डोमेनसाठी स्वतःचा मेल सर्व्हर: सॉफ्टवेअर कसे निवडावे

एकाच सर्व्हरवर पाच, दहा किंवा पंचवीस डोमेनांचा मेल चालवायचे ठरले की पहिला प्रश्न पडतो तो सॉफ्टवेअर कोणते घ्यावे हा. शोधायला बसले तर डझनभर नावे समोर येतात. प्रत्येकाच्या सुविधांची यादी लांबलचक असते आणि या याद्या एकमेकींसारख्या इतक्या असतात की त्यांवरून काहीच ठरत नाही. माझ्या मते या निवडीत सर्वाधिक वजन एका साध्या प्रश्नाला द्यावे: डोमेन, मेलबॉक्स आणि नियम यांची नोंद ते सॉफ्टवेअर कुठे ठेवते आणि त्यात कोणाला हात घालू देते? बिघाड झाल्यावर कुठे बघायचे, बॅकअप कशाचा घ्यायचा, एखाद्या डोमेनचा कारभार दुसऱ्याकडे कसा सोपवायचा, पुढे सॉफ्टवेअर बदलायचे झाले तर बरोबर काय नेता येईल, ही सगळी उत्तरे त्यातूनच निघतात.

कमांड लाइनवर थोडेफार काम करता येते आणि डीएनएसमध्ये रेकॉर्ड कसे घालतात हे माहीत आहे, एवढे येथे गृहीत धरले आहे.

पायरी १: आधी आयपी पत्ता तपासा

सॉफ्टवेअर ठरवून मग सर्व्हर शोधणे म्हणजे आधी कळस मग पाया. मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडेल की नाही, यातला मोठा भाग सॉफ्टवेअरच्या हातात नसतोच. तो तुमच्या आयपी पत्त्यावर ठरतो.

सर्व्हर भाड्याने घेतलात की काहीही इन्स्टॉल करण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, बाहेर जाणारे पोर्ट २५ उघडे आहे का? एका मेल सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल याच पोर्टने जातो, आणि स्पॅम रोखण्यासाठी बरेच पुरवठादार ते मुळात बंदच ठेवतात. काही जण विनंती केल्यावर उघडून देतात, काही कधीच देत नाहीत. पैसे भरण्याआधी विचारून घ्या. दुसरी, पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद, तुम्हाला बदलता येते का? ती तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये नसते, पुरवठादाराच्या ताब्यात असते. तिसरी, आधीच्या भाडेकरूच्या उद्योगांमुळे तो पत्ता काळ्या यादीत अडकलेला नाही ना? स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की लगेच कळते. अडकलेला असेल तर दुसरा पत्ता मागून घ्या. जुना डाग धूत बसण्यात अर्थ नाही.

घरच्या इंटरनेट जोडणीवरून थेट मेल पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या. घरगुती, बदलत्या आयपी पत्त्यांसाठी स्पॅमहाउसची वेगळी यादीच आहे, आणि मोठे मेल पुरवठादार अशा पत्त्यांवरून आलेला मेल सहसा दारातच अडवतात. आयपीव्ही ६ पत्ता मिळाला असेल तर त्याचेही पीटीआर रेकॉर्ड लावा. ते जमत नसेल तर बाहेर जाणारा मेल फक्त आयपीव्ही ४ वरून पाठवा. आयपीव्ही ६ वरून पीटीआरशिवाय आलेला मेल जीमेल स्वीकारत नाही.

पोर्ट २५ उघडतच नसेल तर एक मार्ग राहतो: बाहेर जाणारा मेल एखाद्या रिले सेवेमार्फत, म्हणजे आपला मेल पुढे पोचवणाऱ्या मध्यस्थामार्फत पाठवायचा. मग सॉफ्टवेअर निवडताना प्रत्येक डोमेनला वेगळा रिले लावता येतो का, हे पाहणे भाग आहे.

पायरी २: डोमेनांची वही लिहा

एक कोष्टक करा. प्रत्येक डोमेनसमोर लिहा: मेलबॉक्स किती, नुसते फॉरवर्डिंग आहे का, नवा मेलबॉक्स उघडणारा आणि विसरलेला पासवर्ड बदलून देणारा माणूस कोण, कॅलेंडर आणि संपर्कांची यादी हवी का, आणि वेबसाइट किंवा बिलांचे सॉफ्टवेअर या डोमेनच्या नावाने मेल पाठवते का.

माणसाच्या नावाचा रकाना निर्णायक असतो. सगळ्या डोमेनांपुढे तुमचेच नाव असेल, तर जवळजवळ कोणतेही सॉफ्टवेअर चालेल. पण वेगवेगळ्या संस्थांची डोमेन असतील आणि प्रत्येकीचा माणूस आपापले मेलबॉक्स सांभाळणार असेल, तर डोमेनपुरता ॲडमिन ही भूमिका सॉफ्टवेअरमध्ये असलीच पाहिजे. ती नसेल तर रात्री-अपरात्री पासवर्ड बदलून देण्याचे काम तुमच्याच गळ्यात पडेल.

शेवटच्या रकान्यात ज्यांच्यापुढे ‘हो’ आहे ती डोमेन वेगळी रंगवून ठेवा. एखादे डोमेन हजारोंना बातमीपत्र पाठवत असेल, तर ते काम या सर्व्हरवर आणू नका. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांसाठी गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून कडक नियम लावले, याहूनेही त्याच सुमारास लावले: एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची डीएनएसमधली यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीएमएआरसी (या तपासण्या फसल्या तर काय करायचे याचे धोरण) तिन्ही हवेत, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. एका डोमेनच्या बातमीपत्राने तक्रारी ओढवून घेतल्या, तर त्याच आयपी पत्त्यावरच्या बाकीच्या डोमेनांची साधी पत्रेही स्पॅममध्ये जाऊ लागतात.

पायरी ३: आत काय चालते ते ओळखा

मेल सर्व्हर हे एकच सॉफ्टवेअर नसते. मेलची ने-आण करणारा एक प्रोग्राम असतो, बहुतेक ठिकाणी पोस्टफिक्स. वित्से वेनेमा यांनी तो आयबीएममध्ये असताना लिहिला आणि १९९८ मध्ये तो खुला झाला. आलेला मेल डिस्कवर ठेवून फोनला किंवा संगणकाला देणारा दुसरा असतो, बहुतेक ठिकाणी डवकॉट. स्पॅम गाळायला आरस्पॅमडी किंवा स्पॅमअसॅसिन, व्हायरस शोधायला क्लॅमएव्ही, ब्राउझरमध्ये मेल वाचायला राउंडक्यूब किंवा सोगो. यावर डोमेन आणि मेलबॉक्स सांभाळायचे पान.

बाजारातली बहुतेक तयार संकलने म्हणजे हेच भाग वेगवेगळ्या रीतीने बांधलेले. म्हणजे मेलकाऊ की आयरेडमेल असा वाद चालतो तेव्हा मेल पोचवणारा पोस्टफिक्स दोन्हींत सारखाच असतो. फरक असतो तो बांधणीत, आणि नोंदी कुठे ठेवल्या त्यात.

पायरी ४: अनेक डोमेन एका सर्व्हरवर नांदतात कशी

इथे नवखे सर्वाधिक गोंधळतात, म्हणून जरा थांबू.

प्रत्येक डोमेनला वेगळा आयपी पत्ता लागत नाही. वेगळे पीटीआर रेकॉर्डही लागत नाही. सर्व्हरला एक नाव असते, त्या नावाचे ए रेकॉर्ड आयपी पत्त्याकडे जाते आणि पीटीआर रेकॉर्ड आयपी पत्त्याकडून त्याच नावाकडे परत येते. सगळ्या डोमेनांची एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे डोमेनचा मेल कुठे द्यायचा हे सांगणाऱ्या नोंदी, त्या एकाच नावाकडे वळवायची. एमएक्स ज्या नावाकडे जाते ते सीनेम असू नये, त्याला थेट ए रेकॉर्ड हवे.

हे नाव निवडताना एक काळजी घ्या. सर्व्हरचे नाव सांभाळायला घेतलेल्या डोमेनांपैकी एकाच्या पोटात ठेवू नका. ते डोमेन उद्या दुसरीकडे गेले, तर बाकी सगळ्यांची एमएक्स रेकॉर्ड आणि सगळ्यांच्या फोनमधली सेटिंग बदलत फिरावे लागेल. फक्त पायाभूत कामासाठी एक तटस्थ डोमेन स्वतःच्या नावावर घ्या आणि सर्व्हरला त्यातले नाव द्या.

सर्टिफिकेटचा प्रश्नही याच नावाने सुटतो. सर्वांना फोनमध्ये तेच एक नाव टाकायला सांगितले की लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचे एक सर्टिफिकेट पुरते. प्रत्येक संस्थेला ‘मेल’ने सुरू होणारे आपल्या डोमेनचेच नाव हवे असते, आणि ते देताही येते. पण मग प्रत्येक नावासाठी सर्टिफिकेट आले, त्याचे नूतनीकरण आले, आणि एखाद्याचे डीएनएस चुकले की नूतनीकरण अडले. सुरुवातीला हा मोह टाळा.

प्रत्येक डोमेनला स्वतंत्र लागते ते असे: एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएमची चावी आणि डीएमएआरसी. यातली डीकेआयएमची चावी सॉफ्टवेअर निवडताना कसोटीला लागते. नवे डोमेन जोडल्यावर त्याची २०४८ बिटची चावी आपोआप तयार होते का, आणि डीएनएसमध्ये टाकायची ओळ पानावर दिसते का? पाच डोमेनांना हाताने करणे जमते, चाळीस डोमेनांना करताना एखादे सुटतेच.

हाताने पोस्टफिक्स लावणाऱ्यांसाठी एक सूचना: आभासी डोमेनांच्या यादीत असलेले नाव ‘मायडेस्टिनेशन’ या यादीत कधीही घालू नका. दोन्हीकडे असेल तर पोस्टफिक्स त्या डोमेनचे पत्ते सर्व्हरवरच्या लिनक्स खात्यांत शोधू लागतो आणि ठीकठाक असलेले मेलबॉक्स ‘सापडले नाहीत’ म्हणून मेल परत जातो.

पायरी ५: पर्याय पारखून घ्या

मेलकाऊ. डॉकर या साधनाच्या कंटेनरांमध्ये, म्हणजे प्रोग्रामांच्या वेगवेगळ्या पेट्यांमध्ये, बांधलेला पूर्ण संच: पोस्टफिक्स, डवकॉट, आरस्पॅमडी, सोगो, क्लॅमएव्ही. अनेक डोमेनांच्या कामासाठी आज मी पहिल्यांदा याचेच नाव घेईन. डोमेनपुरता ॲडमिन आहे, डोमेननिहाय मेलबॉक्सची संख्या आणि जागा यांवर मर्यादा घालता येते, तासाला किती मेल जावेत हेही डोमेननिहाय ठरवता येते, डीकेआयएमची चावी पानावरच तयार होते, आणि डोमेननिहाय रिलेही लावता येतो. नोंदी मारियाडीबीच्या डेटाबेसमध्ये आणि डॉकरच्या व्हॉल्यूममध्ये राहतात. बॅकअपची आणि अपडेटची स्क्रिप्ट सोबत येते. किंमत मोजावी लागते ती मेमरीत: किमान ६ जीबी मेमरी आणि १ जीबी स्वॅप असा सर्व्हर ठेवा, असे त्याचे कर्तेच सांगतात. बिघाड शोधायला डॉकर बऱ्यापैकी समजायला हवा.

आयरेडमेल. डॉकर नाही. नुकत्याच इन्स्टॉल केलेल्या कोऱ्या लिनक्सवर एक स्क्रिप्ट चालवायची, आणि ती सगळे भाग नेहमीच्या पॅकेजांतून बसवून देते. नोंदी तुमच्या पसंतीच्या डेटाबेसमध्ये किंवा एलडॅप या खात्यांच्या निर्देशिकेमध्ये. सगळ्या सेटिंग नेहमीच्या जागी, नेहमीच्या फायलींत, म्हणून शिकायला चांगले. मात्र मोफत मिळणाऱ्या व्यवस्थापन पानावर डोमेन आणि मेलबॉक्सची जुजबी कामे होतात. एलियस (मेल दुसऱ्या मेलबॉक्सकडे वळवणारा जादा पत्ता), मर्यादा वगैरे सोयी पैसे देऊन घ्यायच्या आवृत्तीत आहेत. नव्या डोमेनची डीकेआयएम चावी हाताने जोडावी लागते. आवृत्ती बदलताना प्रत्येक टप्प्याच्या सूचना वाचून बदल स्वतः करावे लागतात, आणि दोन-तीन आवृत्त्या साचू दिल्या की ते काम नकोसे होते.

मोडोबोआ. पायथनमध्ये लिहिलेले व्यवस्थापन पान आणि त्याखाली पोस्टफिक्स-डवकॉट. याची चर्चा कमी होते, पण यातल्या भूमिका नीट विचार करून ठरवलेल्या आहेत: सर्वाधिकारी, रिसेलर, डोमेनचा ॲडमिन आणि साधा वापरणारा. काही जणांना गटाने डोमेन सांभाळायला द्यायची असतील तर ही रचना नेमकी कामाला येते.

मेल-इन-अ-बॉक्स. सर्वात कमी प्रश्न विचारणारे. डीएनएससुद्धा स्वतःच चालवते, म्हणजे रेकॉर्ड चुकण्याचा धोका घटतो. एका माणसाची किंवा एका कुटुंबाची चार-पाच डोमेन असतील तर पुरेसे आहे. पण डोमेनपुरता ॲडमिन नाही. ॲडमिन असेल तो सगळ्याचा. आणि सेटिंग फायलींत हाताने केलेले बदल पुढच्या अपडेटमध्ये पुसले जाऊ शकतात. जसे दिले तसे वापरण्याची तयारी असेल तरच घ्या.

डॉकर-मेलसर्व्हर. डेटाबेस नाही, व्यवस्थापन पान नाही. मेलबॉक्स, एलियस, मर्यादा सगळे साध्या मजकूर फायलींत. ज्यांना सेटिंग गिटमध्ये (फायलींतल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात) ठेवायची सवय आहे त्यांना हे फार आवडते, आणि रास्तच आहे: नवा सर्व्हर उभा करणे म्हणजे फायली आणि मेलचे फोल्डर जागेवर ठेवणे. पण दुसऱ्या कोणाच्या हाती डोमेन सोपवायचे असेल तर हे त्या कामाचे नाही. मेलूही डॉकरवरच चालते, त्याला व्यवस्थापन पान आहे आणि डोमेनचा व्यवस्थापकही नेमता येतो. कमी मेमरीच्या सर्व्हरवर मेलकाऊऐवजी त्याचा विचार करा.

स्टॉलवर्ट आणि मॉक्स ही नवी पिढी. यांत पोस्टफिक्स नाही, डवकॉटही नाही. स्टॉलवर्ट रस्ट भाषेत आणि मॉक्स गो भाषेत लिहिलेले, सगळी कामे एकाच प्रोग्राममध्ये. इन्स्टॉल करणे सोपे, मेमरी कमी, भागांमधली जोडणी बिघडण्याचा प्रश्नच नाही. मॉक्स डोमेन जोडताना डीएनएसमध्ये काय काय घालायचे ते पूर्ण लिहून देते, आणि त्याच्या सेटिंग दोनच मजकूर फायलींत मावतात. स्टॉलवर्ट आयमॅप या मेल वाचण्याच्या नेहमीच्या प्रोटोकॉलबरोबर जेमॅप हा नवा प्रोटोकॉलही बोलते आणि नोंदी, सेटिंग डेटाबेसमध्ये ठेवते. भाडेकरू वेगळे ठेवण्याची, म्हणजे एका संस्थेला दुसरीचे काहीच दिसू नये अशी सोय मात्र त्याच्या सशुल्क आवृत्तीत आहे. दोन्हींची रचना मला मनापासून पटते. तरी नवख्याने दुसऱ्यांच्या डोमेनांसाठी इथून सुरुवात करू नये. पोस्टफिक्सच्या लॉगमधली कोणतीही ओळ शोधा, तिचे उत्तर कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले सापडते. नव्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तेवढी शिदोरी अजून जमलेली नाही.

हाताने बांधलेला संच: पोस्टफिक्स, डवकॉट, आरस्पॅमडी आणि वर पोस्टफिक्सॲडमिन. सर्वात जास्त शिकवणारा मार्ग. पोस्टफिक्सॲडमिनमध्ये डोमेनपुरता ॲडमिनही आहे. वेळ असेल तर एकदा तरी असा संच उभा करून बघा, पुढे तयार संकलन वापरलेत तरी ते ज्ञान उपयोगी पडते. एक सावधगिरी: डवकॉटची २.४ ही आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली आणि तिच्या सेटिंगची लिहिण्याची रीत २.३ शी जुळत नाही. जुन्या लेखांतले तुकडे तिथे चालणार नाहीत.

झिंब्राचे नाव जुन्या लेखांत वारंवार दिसेल. त्याच्या ८.८.१५ या आवृत्तीनंतर मोफत तयार पॅकेज मिळणे थांबले, आणि त्या आवृत्तीची मुदतही संपली आहे. नव्याने सुरू करताना ते विचारात घेऊ नका.

अजून ठरत नसेल तर असे करा. सगळी डोमेन तुमचीच आणि मजकूर फायलींत काम करायला आवडते, तर डॉकर-मेलसर्व्हर. डोमेन तुमचीच पण सेटिंगमध्ये पडायचे नाही, तर मेल-इन-अ-बॉक्स. दुसऱ्यांची डोमेन आणि मेमरी पुरेशी, तर मेलकाऊ. डॉकर नको असेल तर मोडोबोआ.

पायरी ६: एका बिनकामाच्या डोमेनवर परीक्षा घ्या

खऱ्या डोमेनना हात लावण्याआधी दोन स्वस्त डोमेन घ्या, त्यांना अ आणि ब म्हणू. दोन लागतात, कारण पाहायचे आहे ते त्यांच्यातले कुंपण.

दोन्हींत एकाच नावाचा मेलबॉक्स उघडा, उदाहरणार्थ ‘माहिती’. दोघांचे मेल वेगळे राहतात ना? लॉगिनला पूर्ण पत्ता लागतो ना?

आता अ च्या खात्याने लॉगिन करून ब च्या पत्त्यावरून मेल पाठवून बघा. सर्व्हरने तो नाकारला पाहिजे. ही परीक्षा दोन प्रकारे घ्यावी लागते. मेलला दोन प्रेषक असतात: पाकिटावरचा, जो सर्व्हर एकमेकांना सांगतात, आणि आतल्या पत्रावरचा, जो वाचणाऱ्याला दिसतो. पोस्टफिक्सची नेहमीची तपासणी फक्त पाकिटावरचा पाहते. म्हणून पाकिटावर अ चा आणि पत्रावर ब चा पत्ता घालून पाठवा, आणि पोचलेल्या मेलचे हेडर उघडून त्यावर ब ची डीकेआयएम सही पडली आहे का ते पहा. पडली असेल, तर एका डोमेनचा माणूस दुसऱ्याच्या नावाने अस्सल सहीचा मेल पाठवू शकतो. असा सर्व्हर अनेक संस्थांसाठी वापरू नका, निदान ते छिद्र बुजेपर्यंत तरी.

अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर बाहेरून मेल पाठवा. बोलणे चालू असतानाच सर्व्हरने नकार द्यायला हवा. आधी स्वीकारून मग ‘पोचला नाही’ असा मेल परत पाठवणारा सर्व्हर स्पॅमवाल्यांनी खोटे पत्ते घातले की भलत्याच लोकांवर उत्तरांचा मारा करतो आणि काळ्या यादीत जातो.

एका खात्याला तासाला २० मेलची मर्यादा घालून २१वा अडतो का बघा. अनेक डोमेनांच्या सर्व्हरवर ही सर्वात महत्त्वाची तटबंदी आहे असे मला वाटते. कुणाचा ना कुणाचा पासवर्ड कधीतरी चोरीला जातोच. मर्यादा नसेल तर त्या एका खात्यातून रातोरात हजारो स्पॅम जातात, आणि सकाळी सगळ्याच डोमेनांचा मेल नाकारला जात असतो.

वेबमेलमध्ये अ च्या खात्यातून नावे शोधताना ब च्या लोकांचे पत्ते दिसत नाहीत ना, हेही तपासा. ही गळती सहज नजरेआड होते.

शेवटची परीक्षा बॅकअपची. सगळा सर्व्हर परत उभा करणे सगळेच तपासतात. तुम्ही फक्त एका मेलबॉक्समधले एक फोल्डर पुसा आणि तेवढेच परत आणा. प्रत्यक्षात मागणी येते ती याचीच.

पायरी ७: नावे शोधणारा स्थानिक रिझॉल्व्हर

छोटी पण नडणारी गोष्ट. स्पॅमच्या याद्या डीएनएसमधून विचारल्या जातात. सर्व्हर गूगलसारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारत असेल तर स्पॅमहाउस खरे उत्तर देत नाही, नकाराचा वेगळा संकेत देते, आणि ढिसाळ सेटिंग त्यालाच ‘यादीत आहे’ समजून चांगला मेलही नाकारू शकते. सर्व्हरवरच अनबाउंड हा रिझॉल्व्हर चालवा. मेलकाऊमध्ये तो सोबतच येतो.

पायरी ८: डोमेन एकेक करून आणा

सर्वात कमी मेल असलेल्या डोमेनपासून सुरुवात करा. एमएक्स रेकॉर्डचा टीटीएल (इतरांनी ती नोंद किती वेळ जपून ठेवायची तो काळ) एक-दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. नव्या सर्व्हरवर सगळे मेलबॉक्स आणि एलियस आधी उघडा, डीकेआयएमचे रेकॉर्ड आधी घाला, आणि एसपीएफमध्ये जुना आणि नवा दोन्ही सर्व्हर काही दिवस ठेवा. एसपीएफ तपासताना डीएनएसमध्ये दहाच्या वर शोध घ्यावे लागले तर ते बाद होते, तेव्हा जुन्या, बंद पडलेल्या सेवांच्या नोंदी याच वेळी काढून टाका.

जुना मेल आणायला आयमॅपसिंक हे साधन वापरा. एकदा एमएक्स बदलण्याआधी चालवा, एकदा नंतर. दुसऱ्या फेरीत फक्त उरलेले मेल येतात. जुना सर्व्हर निदान आठवडाभर चालू राहू द्या.

या काळात नवा सर्व्हर तासभर बंद पडला तरी घाबरू नका. मेल पोचला नाही तर पाठवणारा सर्व्हर तो रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, पोस्टफिक्स तर मूळ सेटिंगमध्ये पाच दिवस. म्हणूनच दुसरा, राखीव एमएक्स सर्व्हर उभा करण्याच्या फंदात सुरुवातीला पडू नये. त्यावरचे स्पॅमचे नियम ढिले राहतात आणि स्पॅमवाले नेमके तिथूनच शिरतात.

डीएमएआरसीचे धोरण आधी ‘काही करू नका’ असे ठेवा आणि अहवाल मागवा. विसरलेली वेबसाइट, जुना प्रिंटर, बिलांचे सॉफ्टवेअर, असे डोमेनच्या नावाने मेल पाठवणारे सगळे त्या अहवालांत उघडे पडतात. ते मार्गी लागले की धोरण ‘स्पॅममध्ये टाका’ आणि मग ‘नाकारा’ असे कडक करत न्या. सगळ्या डोमेनांचे अहवाल एकाच पेटीत हवे असतील तर आणखी एक रेकॉर्ड लागते: जिथे अहवाल जाणार त्या डोमेनने ‘यांचे अहवाल मला चालतील’ अशी नोंद प्रत्येक डोमेनसाठी आपल्या डीएनएसमध्ये ठेवायची असते. ती नसेल तर अहवाल येतच नाहीत, आणि कारणही कुठे दिसत नाही.

पायरी ९: फॉरवर्डिंगला आवर घाला

अ च्या पत्त्यावर आलेला मेल आपोआप जीमेलवर धाडा, असे हमखास कोणीतरी सांगेल. पुढे धाडलेल्या मेलचा एसपीएफ मोडतो, कारण मूळ डोमेनने तुमच्या सर्व्हरला परवानगी दिलेली नसते. त्याहून वाईट म्हणजे आलेला स्पॅमही तुमच्या आयपी पत्त्यावरून पुढे जातो आणि बदनामी तुमच्या वाट्याला येते. फॉरवर्ड करायचेच असेल तर स्पॅम गाळून झाल्यावर करा, आणि सॉफ्टवेअरमध्ये एसआरएसची, म्हणजे पुढे धाडताना पाकिटावरचा प्रेषक बदलून एसपीएफ टिकवण्याची, सोय आहे का ते पहा. मी शक्यतो नाही म्हणून सांगतो आणि फोनमध्ये दुसरे खाते जोडून देतो.

पायरी १०: डोमेन सोडून जाते तेव्हा

निवड करताना याचा विचार फार कमी जण करतात. एखादी संस्था आपले डोमेन दुसऱ्या सेवेकडे नेते. एमएक्स बदलते, बाहेरचा मेल नव्या जागी जाऊ लागतो, सगळे सुरळीत दिसते. पण डोमेन तुमच्या सर्व्हरच्या यादीत तसेच राहिले, तर तुमच्याकडच्या बाकीच्या डोमेनांवरून त्या संस्थेला पाठवलेला मेल बाहेर पडतच नाही. सर्व्हर एमएक्स विचारत नाही. ‘हे डोमेन माझेच आहे’ म्हणून मेल जुन्या पेटीत टाकतो. पाठवणाऱ्याला चूक दिसत नाही आणि घेणाऱ्याला मेल मिळत नाही. म्हणून एमएक्स बदलल्याच्या दिवशीच ते डोमेन यादीतून काढा किंवा निष्क्रिय करा. मेलबॉक्स मात्र लगेच पुसू नका. परीक्षेच्या वेळी हेही करून बघा: डोमेन निष्क्रिय केल्यावर त्याच्या पत्त्यावर पाठवलेला मेल खरोखर बाहेर जातो का, आणि जुने मेल डिस्कवर शाबूत राहतात का. काही सॉफ्टवेअरमध्ये निष्क्रिय केलेल्या डोमेनचा मेल बाहेर न जाता नाकारला जातो. तसे असेल तर मेलचा बॅकअप घेऊन डोमेन पूर्ण काढावे लागेल. नंतर सर्व्हरवरची डीकेआयएमची चावी पुसा, आणि डीएनएसमधले तिचे जुने रेकॉर्ड व एसपीएफमधला तुमच्या सर्व्हरचा उल्लेख काढून टाकायला त्या संस्थेला लेखी कळवा.